मोटारीचं दार

कोळशाच्या शेगडीचा वास आला की मला लढाईच्या दिवसांतली, पेट्रोल मिळेना म्हणून कोळशाच्या गॅसवर धावणारी फलटण–आटपाडी मोटार आठवते. तिचं दार लोंबत होतं, लागतच नव्हतं. रजेवर आलेला एक फौजी पुढे झाला. "आमी फौजेत असल्या छप्पन्न गाड्या दुरुस्त केल्यात," म्हणत त्या दीडशहाण्यानं कडी ठोकून वाकडी केली, मग कानशीनं दाराची कडच घासत बसला. आम्ही येडे त्याच्या खाकीकडे बघून माना डोलावत होतो. शेवटी मेंढरं राखणारा एक म्हातारा म्हणाला, "आवं, कडीला कशाला बडवताय? बिजागरी झिजलीया, दार खाली बसलंया." त्यानं स्वतःच्या वहाणेचं चामडं कापून चकती केली, खांद्यानं दार उचलून ती बिजागरीत बसवली. दार बोटानं लागायला लागलं. मोटारीच्या मालकानं शाबासकी दिली फौजीला, आणि म्हाताऱ्याला म्हणाला, "तू टपावर बस रं, मेंढरांचा वास मारतोय." आत जागा होती. फौजीला मी अजून मनसोक्त हसतो. पण म्हातारा बाहेर उभा असताना ते दार आतून ओढून घेणारा मीच होतो.