अगरबत्तीवर ढकललेला दोष

ही गोष्ट इतकी वर्षं माझ्या पोटात होती. नवऱ्यालाही माहीत नाही. माझी शाळा चौथीपर्यंत, चारचौघांत बोलताना मी अडखळते — म्हणून तुला, माझ्या जुन्या मैत्रिणीला, लिहून सांगते.

मी पनवेलला घरीच काळेपांढरे फोटो छापते. बहुतेक गेलेल्या माणसांचे, भिंतीवर लावायला. दोन प्रिंटर आहेत. एकात टिकाऊ शाई, पिग्मेंटची — महाग, पण तिचं काळं काळंच राहतं. दुसऱ्यात रंगीत फोटोंची साधी शाई. तिनंही काळापांढरा फोटो निघतो, उलट जास्त चमकतो. गिऱ्हाइकाला फरक दिसत नाही. मला दिसतो.

सुकापूरच्या हिरामावशी नवऱ्याचा फोटो घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी तेरावं होतं. "टिकंल ना गो बाय?" टिकाऊ शाई नेमकी संपलेली. नाही म्हणायला तोंड उघडेना. हो म्हटलं — आणि साध्या शाईनं छापला. एवढ्यावर थांबले असते तर?

दोन वर्षांत फोटोतल्या काकांचा चेहरा हिरवट पडला, डोळे पुसट झाले. मावशी फोटो पदराखाली झाकून आल्या. मी बघताच ओळखलं. आणि म्हणाले काय? "अगरबत्ती फार जवळ लावता का? धुरानं झालं असेल."

त्यांनी पदरानं फोटोची काच पुसली. "म्हंजी मीच खराब केला?"

मी मान हलवली. होय, हलवली. नवीन फोटो टिकाऊ शाईनं छापून दिला, फुकट दिला, तर त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तो मी कसा फिरवू दिला?

तेव्हापासून मावशी अगरबत्ती ओट्यावर लावत, फोटोपासून लांब. सहा वर्षं. त्यांच्या सुनेनं हे मला हसत सांगितलं — "आमच्या आई धुराला भितात."

परवा मावशींच्या घरी गेले. दारातच सगळं सांगून टाकलं — शाईचं, खोट्याचं.

"सहा वर्सं मी त्या फोटोतल्या मानसाची माफी मागतंय," मावशी म्हणाल्या, "आन तुजी जीब काय उंदरानं नेली व्हती?" मग आत निघून गेल्या. मला बस म्हणाल्या नाहीत.

घरी आल्यावर कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

शाई संपली होती, मी लाजरी आहे — यातलं काही पुढे करत नाही. मला खरं माहीत होतं, आणि दोष मी त्या बाईच्या हातांवर ढकलला. आता खरं तिलाही माहीत आहे.