वळणाखालचं जाळं

"बाजूला हो मावशी, सर वरून सुटलेत!"

"सुटू दे. मी बी हितंच हाय."

"अंगावर येतील तुझ्या!"

"येऊ दे की. माझ्या गायीवर काय आलं ते त्यांना बी कळू दे."

टेकडीखालच्या वाडीतली केसर वाटेच्या बरोबर मधोमध, क्रांतीच्या समोर उभी होती. डोक्यावर राबासाठी तोडलेल्या फांद्यांचा भारा. भाताचं रोप टाकायच्या आधी जमीन भाजायची, तर पालापाचोळा आतापासूनच जमवायला लागतो. एका हातात कोयता. दुसऱ्या हातात हिरव्या नायलॉनच्या जाळ्याचा फाटका तुकडा, माती लागलेला.

"हे वळख. कुणाचं हाय?"

"मला काय विचारतेस? जाळी काय एकट्या आमच्या घरात असतात? अख्खा कोळीवाडा पडलाय रेवदंड्यात."

"अख्खा कोळीवाडा सायकली घेऊन हितं नाचत न्हाय. तूच नाचतेस. गोदूची पोर."

"आईला मध्ये आणू नको!"

वरून खडे घरंगळले. झुडपांतून लाल हेल्मेट दिसलं, दिसेपर्यंत जवळ आलं, आणि अल्पेश सरांनी दोन्ही ब्रेक दाबून सायकल आडवी घातली. धुरळ्याचा लोट उडाला. केसर जागची हलली नाही. फक्त डोळे मिटले.

"वेड लागलंय का हो बाई तुम्हाला? ट्रॅकवर लाकडं घेऊन उभ्या राहता?" सर कोपर झटकत उठले. "क्रांती, हे काय आहे? मी चाचणी घेतोय ना इथे?"

क्रांतीला त्या क्षणी कुठेतरी लपावंसं वाटलं. वर्षभर ती याच सकाळची वाट बघत होती.

क्रांतीचं वय एकोणतीस. आई गोदू रेवदंड्याहून मासळीची टोपली डोक्यावर घेऊन आतल्या गावांमध्ये फिरायची. तिचे गुडघे गेले तेव्हा क्रांतीने फेरी स्वतःकडे घेतली, पण डोक्यावर नाही, सायकलवर. मागे प्लास्टिकचा क्रेट, क्रेटमध्ये बांगडे, मांदेली, कोलंबी, आणि वितळणाऱ्या बर्फाची धार रस्त्याभर. चढावर उतरून सायकल ढकलायची तिला लाज वाटे, म्हणून ती ढकलत नसे. अशीच चढत राहिली. एकदा अलिबागला डोंगरी सायकलींची जिल्हा स्पर्धा होती, तिथे ही मासळीचीच सायकल घेऊन उभी राहिली. क्रेट तेवढा काढून ठेवला होता. शर्यतीनंतर एक पोरगा म्हणाला, "हिच्या मागे राहिलं तर वास येतो, आणि पुढे जायचं म्हटलं तर जमत नाही." क्रांती पहिली आली होती. ते वाक्य ती बक्षिसासारखं सांगत फिरे.

पुढे बरी सायकल आली, स्पर्धा आल्या, मग अंगठ्याएवढ्या मुली तिला मागे टाकू लागल्या. तेव्हा तिने ठरवलं, आता शिकवायचं. जिल्हा सायकलिंग संघटनेला मुलींच्या सराव शिबिरासाठी जागा हवी होती. वाडीच्या डोक्यावरच्या टेकडीचं नुकतंच वनउद्यान झालं होतं: गेट, कान तुटलेलं सिमेंटचं हरीण, गंजायला लागलेली व्यायामाची यंत्रं. क्रांती म्हणाली, ही टेकडी घ्या. संघटनेचे अल्पेश सर म्हणाले, आधी बघू, डोंगरी सायकलिंगच्या लायकीची आहे का. लायकीची ठरली तर शिबिर इथे आणि शिकवणार क्रांती. नाहीतर सगळं श्रीवर्धनला, तिथला शिक्षक ठरलेलाच.

टेकडीची खोड एकच. मुरूम भुसभुशीत. वळणाला मातीची पाळ उचलून बांधावी, तर पहिल्याच सरीत ती खाली. क्रांतीच्या बापाची, तुळशीरामची, बंदरावर एक रीत होती: होडी ओढायच्या उतारावर वाळू धुपते, म्हणून जुनी जाळी पसरून खुंट्या मारायच्या आणि वर वाळू लोटायची. क्रांतीने तेच केलं. फाटलेली, मासे धरायची डोलीची जाळी डोंगरावर आणली, चारही वळणांखाली अंथरली, वर माती चोपली. वळणं टिकली. पावसाने वरची माती मात्र जागोजागी नेली, आणि गवताखाली जाळं उघडं पडलं.

"गाय गाभण होती," केसर सांगत होती, सरांकडे नाही, क्रांतीकडे बघत. "हितंच पाय गुतला. वढून वढून मोडला. आता गोठ्यात पडून हाय. उठत न्हाय."

"पण गाय उद्यानात आलीच कशी?" सर म्हणाले. "गेटवर पाटी आहे."

"पाटी लागली गेल्या शिमग्याला. हिची आई, आजी, समदी हितंच चरली."

"मग बांधून ठेवायची होतीस!" क्रांती ओरडली. "गाय तुझी, सांभाळायची तू! माझी वर्षाची मेहनत आहे इथे, कळतंय तुला?"

केसरने भारा उतरवला. दाणकन, वळणाच्या पाळीवरच.

"क्रांते, दर्यात जाळं टाकता तवा वर बोया सोडता ना? दुसऱ्याची होडी गुतू नये म्हणून?"

क्रांतीने पायाने एक खडा खाली लोटला.

"सोडता की न्हाय?"

"सोडतो."

"मंग आमच्या रानात का न्हाय खूण ठेवलीस? का दर्यावरचीच तेवढी मान्सं, आनी हितं कुणी ऱ्हातच न्हाय?"

अल्पेश सर तोवर वाकून पाळीची माती बोटाने उकरत होते. त्यांना जाळं सापडलं. त्यांनी ते ओढून पाहिलं, आणि चक्क हसले.

"हेच विचारणार होतो मी. म्हटलं, एवढ्या खराब मातीत वळणं उभी कशी? क्रांती, खरं सांगू? टेकडी सामान्य आहे. चढ बरा आहे, उतार म्हणजे सरळ घसरगुंडी. कामाची फक्त ही चार वळणं. पण वळणं उत्तम आहेत. आहेत अशी ठेवलीस तर मी आजच होकार कळवतो."

"आनी माझं काय?" केसर म्हणाली.

"ते बाई, तुमचं तुम्ही आपसात बघा. मी ट्रॅक बघायला आलोय."

"बगते ना. क्रांते, ऐक. हे असंच ऱ्हायलं तर आमच्या वाडीत तुझा क्रेट उतरायचा न्हाय. गोदू आली तरी तिलाबी पानी मिळायचं न्हाय. माझ्या वट्यावर बसून भाकर खाल्लीय तिनं."

"धमकी देतेस?"

"व्हय. देते."

"दे! तुमच्या वाडीवर जगत नाही आम्ही!"

"मंग आजवर कुणावर जगलात गो?"

क्रांतीने सरांकडे पाहिलं. सर हातमोज्यावरची माती झटकत होते.

"सर, दुसऱ्या गायीचा पाय अडकला तर?"

"कुंपण घालून घ्या."

"आणि पोरींचा? पडल्या आणि हात गेला आत, तर?"

"पडणाऱ्या मुली शिबिराला घेत नाही आपण."

"मी पडलेय सर. याच वळणाला. जाळं तेव्हा झाकलेलं होतं."

क्रांतीने हात पुढे केला.

"कोयता दे."

"कशाला?"

"दे म्हटलं ना!"

केसरने कोयता दिला, पण पात्याकडून नाही, मुठीकडूनही नाही, जमिनीवर टाकला. क्रांतीने उचलला. गुडघ्यावर बसली, जाळं मुठीत धरून ओढलं आणि खुंटीपासून सपासप कापत सुटली. नायलॉन चिवट. तिच्या कपाळावर माती आणि घाम एक झाला. शेवटची खुंटी सुटली तशी पाळ मधोमध चिरली आणि ढासळून वाटेवर पसरली. केसरचा भारा कलंडून फांद्या खाली गेल्या.

"आता उपकार केल्यावानी बगू नको," केसर म्हणाली.

"तुझ्यासाठी नाही केलं."

"मंग?"

"जाळं माझं आहे. मी टाकलं, मी काढलं."

"अजून तीन हायत."

"मोजता येतं मला!"

केसर फांद्या गोळा करायला वाकली. मदतीला क्रांती हलली नाही आणि केसरनेही मागितली नाही. क्रांती उभी राहिली, कोयता तसाच हातात.

"सर, मी दगडाच्या पाळी रचेन. पावसाआधी. वाडीतल्या शेतांना असतात तशा. वळणं थोडी कमी होतील, पण उरतील ती टिकतील. बिनजाळ्याची ही टेकडी सरावाला चालेल की नाही?"

अल्पेश सरांनी हेल्मेट काढलं, हँडलला अडकवलं.

"होय म्हणा, नाही म्हणा," क्रांती म्हणाली. "पण इथेच सांगा, हिच्यासमोर. वर्ष घातलंय मी."

सरांनी सायकल खांद्यावर उचलली. ढासळलेल्या मातीत बूट भरू नये म्हणून ते कडेने, गवतातून, एकेक पाऊल जपून टाकत पलीकडे गेले.

"सर!"

त्यांनी सायकल खाली ठेवली, पण बसले नाहीत. हाताने धरून ढकलत उतरत राहिले. गेटपाशी एकदा थांबले, कडी काढली, आणि मागे न बघता श्रीवर्धनच्या रस्त्याला लागले.