चिखलदऱ्याच्या घाटात वॉकीटॉकी कुठवर पोचतो

चिखलदऱ्याला मी आजवर दहा-बारा वेळा तरी गेले असेन, पण श्रावणानंतरची ही पहिलीच खेप. जानेवारीतला रविवार, सकाळचे साडेसहा. जठारपेठेतल्या आमच्या गल्लीत दूधवाल्यांशिवाय कुणी नव्हतं. डिकीत पाण्याचे कॅन, हवा भरलेली स्टेपनी आणि बाजूच्या सीटवर वॉकीटॉकीची दोन खोकी. ही सहल म्हणजे खरं तर चाचणी होती. आमच्या कार क्लबसाठी कोणते वॉकीटॉकी घ्यायचे हे ठरवायचं काम मी मागून घेतलं होतं. का मागून घेतलं ते आधी सांगते.

आमचा क्लब म्हणजे फार काही नाही. अकोला आणि अमरावतीची मिळून पाच कुटुंबं, पाच गाड्या, महिन्या-दोन महिन्यांतून एक रविवार. सगळ्यात पुढे प्रमोदभाऊ, वलगावचे संत्राबागायतदार, घाटाचा रस्ता पाठ असलेला माणूस. मी अकोल्याच्या कोर्टात वकिली करते आणि क्लबची चिटणीस आहे. सगळ्यात मागे नेहमी विनायककाका. निवृत्त विज्ञानशिक्षक, गाडी चाळीसच्या वर नेत नसत. शेजारी कुंदाकाकू, मांडीवर डबा घेऊन.

गेल्या जूनच्या बैठकीत काकांनीच वॉकीटॉकीचा विषय काढला होता. मेळघाटात फोनला रेंज नसते, मागच्या गाडीला काही झालं तर पुढच्यांना कळणार कसं, असं त्यांचं म्हणणं. वहीच्या पानावर डोंगर काढून, लहरी कुठे अडतात तेही दाखवलं. मी म्हटलं, सगळ्यांकडे फोन आहेत, हे खेळणं कशाला. इतरांनी माझ्या बाजूने माना हलवल्या. मी मिनिटबुकात एक ओळ लिहिली, ‘तूर्त गरज नाही’, आणि विषय संपला.

श्रावणात आम्ही चिखलदऱ्याला गेलो. धामणगाव गढी सोडून घाटाला लागलो तसं धुकं इतकं दाटलं की बॉनेटपुढचं दिसेना. आम्ही चार गाड्या घाटावरच्या मोथा गावाला पोचलो आणि एका झाडाखाली रबडी खात काकांची वाट बघत थांबलो. वीस मिनिटं झाली. काका ढगांचे फोटो काढत बसले असतील, असं मीच म्हटलं आणि सगळे हसले. चाळीस मिनिटांनी प्रमोदभाऊ गाडी वळवून खाली गेले. काकांच्या छातीत दुखायला लागलं होतं. एका वळणावर त्यांनी गाडी नीट बाजूला घेतली होती, हॅन्डब्रेकही लावला होता. काकू धुक्यात रस्त्यावर उभ्या राहून हात करत होत्या. दोन गाड्या न थांबता गेल्या होत्या. परतवाड्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत काका गेले होते. अर्धा तास आधी आणलं असतं तर प्रयत्न करता आला असता, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. त्यांना सहज म्हणायचं होतं, पण मी शेजारीच उभी होते.

त्यानंतर पाच महिने क्लब बंदच होता. डिसेंबरात प्रमोदभाऊंचा फोन आला. पुन्हा निघायचं असेल तर आधी वॉकीटॉकी, असं ते म्हणाले. मी म्हटलं, ते मी बघते.

आता कामाचं. तुमचाही असा ग्रुप असेल तर माझा महिनाभराचा अभ्यास उपयोगी पडेल. पहिल्यांदा एका दुकानदाराने मला ‘दहा किलोमीटर पक्के’ म्हणत एक दणकट सेट दाखवला. त्याला परवाना लागतो का विचारलं तर कोण बघतं मॅडम, म्हणाला. मी तो तिथेच ठेवला. आपल्याकडे बिनपरवाना वापरता येतात ते अर्ध्या वॉटचे, ४४६ मेगाहर्ट्झचे छोटे सेट. खोक्यावर सरकारी मान्यतेचा उल्लेख आहे ना, ते बघूनच घ्या आणि नियम बदलत असतात, तेव्हा घेताना स्वतः तपासा. मी अशा दोन जोड्या आणल्या. एक साधी, तीन हजारांची, आणि एक सात हजारांची, जाड रबरी अँटेनाची. खोक्यांवर लिहिलेल्या किलोमीटरवर जाऊ नका. तो आकडा मोकळ्या मैदानातला असतो.

चाचणीचं क्लबच्या ग्रुपवर कळवलं, त्या संध्याकाळी प्रमोदभाऊ काकूंना विचारायला खास अकोल्याला आले. मला वाटलं, नाही म्हणतील. त्या येते म्हणाल्या, पण दोन अटींवर. बसणार शेवटच्या गाडीत. आणि त्या दिवशी आम्ही वर जिथे थांबलो होतो, त्याच जागी पुढच्या गाड्यांनी थांबायचं. शेवटची गाडी आता माझी होती.

काकूंना घेतलं तेव्हा त्या दारातच तयार उभ्या होत्या. स्वेटर, हातात छोटी पिशवी. वॉकीटॉकीची खोकी उचलून त्यांनी मांडीवर घेतली आणि अकोटपर्यंत तशीच धरून बसल्या. अकोट रस्ता आता बराच सिमेंटचा झालाय, पण मधूनमधून वळवलेले तुकडे आहेत, तासाच्या वर धरा. दोन्हीकडे तुरी कापणीला आलेल्या, हरभरा हिरवा, आणि आभाळ मात्र मळकट. ऊन पडलंच नाही त्या दिवशी.

अकोटला आणखी एक गाडी आम्हाला येऊन मिळाली आणि अंजनगावच्या सरळ रस्त्यावर आम्ही पहिली चाचणी घेतली. साधी जोडी किलोमीटरभरात खरखरायला लागली आणि अंजनगाव येईतो तिची बॅटरी अर्ध्यावर आली. महागाची जोडी दोन किलोमीटरपर्यंत स्पष्ट. दोन गोष्टी इथेच कळल्या. गाडीच्या पत्र्यामुळे आवाज दबतो, म्हणून सेट मांडीवर नको, काचेजवळ धरा. आणि बटण दाबल्यावर क्षणभर थांबून बोला, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. काकूंनी हे दोन्ही एकदा सांगितल्यावर बरोबर केलं. विज्ञानशिक्षकाबरोबर अडतीस वर्षं काढली होती त्यांनी.

परतवाड्याला प्रमोदभाऊ आणि अमरावतीची दुसरी गाडी वाट बघत होती. ते वलगावहून असेगावमार्गे आलेले. स्टँडजवळ आलूबोंडा आणि रस्सा खाल्ला, ताटली तीस रुपये, रस्सा हवा तितका. काकूंनी फक्त चहा घेतला. प्रमोदभाऊंनी वाकून त्यांच्या पायांना हात लावला. काकूंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, मग तो जरा जास्तच वेळ तिथे राहिला. त्या दवाखान्यावरून आम्हाला जावं लागलं. काकू दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघत होत्या.

धामणगाव गढीला महागाच्या जोडीतला एक सेट प्रमोदभाऊंकडे दिला, दुसरा काकूंच्या हातात. घाट सुरू झाला. सागाची पानं वाळून तांबडी झालेली, दरीत धूर साचल्यासारखं करडं. धुकं नव्हतं, पण बघण्यासारखंही काही वाटत नव्हतं. तीन गाड्या पुढे गेल्या. पाच-सहा वळणं झाल्यावर काकू म्हणाल्या, ‘‘थांबव.’’

मी ती जागा ओळखली नसती. साधं डावं वळण, कठड्याचा दगड सुटलेला, जवळ प्लास्टिकच्या बाटल्या पडलेल्या. मी इंजिन बंद केलं. फोन बघितला, रेंज नाही. आम्ही बसून राहिलो. वर मोथ्याला पोचल्यावर प्रमोदभाऊ पंधरा मिनिटं सेट चालू ठेवून थांबणार होते.

वेळ झाल्यावर काकूंनी सेट काचेजवळ धरला आणि बटण दाबलं.

‘‘प्रमोद, ऐकू येऊन राहिलं का?’’

काहीच नाही. नुसती खरखरही नाही. त्यांनी तीनदा हाक मारली. मी खाली उतरून गाडीच्या टपावर धरून बघितला. काही नाही.

आता जे लिहिते ते लिहायला लाज वाटते, पण ते टाळून ही हकीकत पुरी होणार नाही. मला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं. इथून आवाज पोचतच नाही. म्हणजे त्या दिवशी वॉकीटॉकी असता तरी काही झालं नसतं. पाच महिने मी जे छातीवर घेऊन फिरत होते, ते कुणीतरी उचलून बाजूला ठेवलं असं वाटलं. मी काकूंना म्हणालेसुद्धा की डोंगर आड येतोय, इथून नाहीच होणार.

त्या खाली उतरल्या, माझ्या हातातून सेट घेतला आणि रस्त्याने वर चालायला लागल्या. मी मागे. साठ-सत्तर पावलांवर वळण दरीच्या बाजूला बाहेर येतं, झाडं विरळ होतात आणि पलीकडचा मोथ्याचा उतार सरळ दोनेक किलोमीटरवर उघडा दिसतो. तिथे त्या थांबल्या.

‘‘प्रमोद, ऐकू येऊन राहिलं का?’’

‘‘हो काकू, साफ येऊन राहिलं. बोला.’’

इतका स्पष्ट आवाज की मागे कुणीतरी गिऱ्हाइकाशी बोलत होतं तेही ऐकू आलं. काकूंनी बटण दाबलं आणि तसंच सोडून दिलं. वरून पुन्हा विचारणा झाली. मग मी सेट घेतला, येतो आम्ही, एवढं सांगितलं.

‘‘त्या दिवशी मी अथीच उभी होती,’’ काकू म्हणाल्या. ‘‘गाडीजवळून रस्ता दिसत नव्हता, म्हणून अथी आली होती.’’

मी त्यांना सांगितलं. जूनच्या बैठकीचं, खेळणं म्हटल्याचं, मिनिटबुकातल्या ओळीचं. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मध्ये एक जीप गेली, तिच्या धुळीत आम्ही तशाच उभ्या होतो.

काकू म्हणाल्या, ‘‘मले माईत हाये. त्यायनं घरी येऊन सांगतलं होतं त्याच दिवशी.’’

मग काही बोलल्या का नाहीत, असं मी विचारलं. काका नंतरही त्या विषयावर होते, त्यांनी सांगितलं. क्लब घेत नाही तर आपण आपलीच एक जोडी घेऊ, एक सेट प्रमोदला देऊ, असं ते म्हणत होते. दुकानही बघून आले होते.

‘‘मीच नाई म्हटलं. म्हटलं, सारे घेतील तवा घेऊ. आपनच काहून वेगळं दिसायचं.’’ त्यांनी पदराने तोंड पुसलं. ‘‘तुले माफ करायचं तं मले सोतालेही करावं लागते, मीनल. ते होऊन नाई राहिलं.’’

आम्ही गाडीत येऊन बसलो आणि वर गेलो.

मोथ्याला तीनही गाड्या त्याच झाडाखाली उभ्या होत्या. प्रमोदभाऊंचे डोळे लाल होते. रबडीवाल्या बाईने ओळखून रबडीचे द्रोण पुढे केले, कुणीच घेतले नाहीत. पुढे चिखलदऱ्यात जायचं ठरलं होतं, गाविलगड बघून खाली उतरायचं. पण कुणीच गाडीकडे वळलं नाही. झाडाखालीच बसून आम्ही ठरवायचं ते ठरवलं. महागाच्या सेटच्याच आणखी दोन जोड्या घ्यायच्या. शेवटची गाडी कधी एकटी ठेवायची नाही, मागे दोन गाड्या एकमेकींना दिसत चालतील. घाटात दर पाच वळणांनी हाक, आणि उत्तर आलं नाही तर पुढच्यांनी थांबायचं नाही, थेट मागे वळायचं. वॉकीटॉकी डोंगराआड मुका होतो, हे आम्ही बघितलं होतंच. म्हणून तुम्हालाही सांगते, सेट कोणताही घ्या, पण हा शेवटचा नियम आधी करा. अभयारण्याच्या गेटच्या आत तो वापरायचा असेल तर वनखात्याला आधी विचारा, तिथे वेगळे नियम असतात.

उतरताना त्या वळणावर आम्ही थांबलो नाही. परतवाड्यात पिठलं-भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा, ताट दीडशे. काकूंनी अर्धी भाकरी खाल्ली. संध्याकाळी साडेपाचला अकोल्यात त्यांना घरी सोडलं. आत ये म्हणाल्या नाहीत, मीही थांबले नाही. दारात काकांची गाडी धुळीने भरलेल्या कव्हराखाली उभी होती.

या सहलीतून काय उरलं, हे मला त्या आठवड्यात विचारलं असतं तर काहीच नाही म्हटलं असतं. निवड झाली, सेट आले, ते कपाटात चार्ज होऊन पडलेत. मनावरचं ओझं तसूभर हललं नाही. उलट आता ते नेमकं किती आहे, तेही कळलं. दोन किलोमीटर आणि साठ-सत्तर पावलं.

पण दहाव्या दिवशी काकूंचा फोन आला. गाडी शिकव, म्हणाल्या. मला आधी नीट कळलंच नाही. श्रावणातल्या त्या दिवशी किल्ली गाडीला होती, टाकी अर्धी भरलेली होती, आणि त्यांना गाडी चालवता येत नव्हती. वय एकसष्ट. त्यांनी स्वतः जाऊन शिकाऊ लायसन्स काढलं होतं.

आता दर रविवारी सकाळी सातला मी त्यांच्याकडे जाते. काकांच्याच गाडीला ‘एल’ लावून आम्ही शहराबाहेरच्या मोकळ्या प्लॉटवर नेतो. क्लच सोडताना त्या श्वास रोखून धरतात आणि गाडी बंद पडते. चिडत नाहीत, पुन्हा किल्ली फिरवतात. मागच्या रविवारी त्यांनी पहिल्यांदा गाडी रस्त्यावर काढली, तिसऱ्या गियरपर्यंत नेली. परत येऊन बंद केली, तेव्हा मी म्हटलं, आता अकोटपर्यंत नेता येईल तुम्हाला लवकरच.

‘‘अकोट नाई,’’ काकू म्हणाल्या. हात अजून स्टीअरिंगवरच होते. ‘‘त्या वळणापासून परतवाड्याच्या दवाखान्यापर्यंत किती वेळ लागते, ते मले सोता चालवून पाहाचं हाये.’’