मंडपाच्या मागचं बक्षीस

लग्नाच्या कामावर जाणाऱ्या माणसाला किस्से शोधत फिरावं लागत नाही. लग्न आटोपलं की मंडपाचे बांबू, माईकचे भोंगे, आमच्या कढया आणि आम्ही, सगळे एकाच टेम्पोत कोंबले जातो. आमचं वडसा गाव येईपर्यंत जो तो आपल्याला काय मिळालं आणि कसं मिळालं तेच सांगतो. टेम्पोत सामानापेक्षा किस्सेच जास्त होतात!

मी चौथी शिकलेली बाई. माझी बायांची टोळी आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावोगावी लग्नात पुऱ्या लाटायच्या आणि तळायच्या, हे आमचं काम. मंडप आणि माईक रशीदभाईचा. भाजी-बुंदीचा आचारी मोतीराम. बाकीचे येतील तसे सांगते.

आमच्याकडे लग्न लागलं की टिकावन होते. पाहुणे नवरा-नवरीला टिक्का लावतात, आहेर देतात, आणि देणाऱ्याचं नाव माईकवर पुकारलं जातं. त्यातच कामकऱ्यांचं बक्षीसही उरकून घेतात. बँडवाला, मंडपवाला, आचारी, फोटोवाला. एकेकाला नावानं बोलावून टिक्का, दुपट्टा, नारळ आणि बक्षीस. आणि आम्ही बाया? आम्हाला मंडपाच्या मागं, खरकट्या भांड्यांजवळ! तेही मोतीरामच्या हातून! म्हणून माझं भांडण. बक्षीस तर पाहिजेच, पण समोर बोलवा आणि नाव पुकारा. कितीतरी वर्षं भांडले मी यासाठी.

*

बँडवाल्याचा किस्सा आधी. वरातीत नाचणाऱ्यावरून नोट ओवाळायची आणि बँडवाल्याच्या हातात द्यायची, ही रीत लहान पोरालाही ठाऊक आहे. चिमूरकडच्या एका वरातीत नवरदेवाच्या मामानं दहाची कोरी नोट काढली. नवरदेवावरून ओवाळली, घरच्या थोरल्या जावयावरून ओवाळली, घोडीवरूनही ओवाळली! बँडमास्तर दरवेळी हात पुढं करायचा आणि नोट मामाच्या खिशात परत!

मारुतीच्या देवळापर्यंत हेच चाललं. मामानं पुन्हा खिशात हात घातला तसा मास्तरनं सगळा बँड थांबवला. भर रस्त्यात चिडीचूप. मास्तर हात जोडून म्हणाला,

"मामाजी, नोट थकली जी बिचारी! तिले आता बसू द्या!"

सगळी वरात हसली. मामानं नोट दिली आणि मग त्याच्याच अंगात असं वारं शिरलं की मांडवात पोचेपर्यंत एकटाच नाचत होता.

*

वरोऱ्याला एका साहेबाच्या घरचं लग्न. मोठा बंगला. साहेबाची बायको आम्हा बायांना बक्षीस द्यायला आली ती मागच्या ओट्यापर्यंत. खाली उतरली असती तर साडीला चिखल लागला असता ना! वरूनच एकेक झंपरपीस फेकायला लागली. एक माझ्या खांद्यावर, एक पिठाच्या परातीत.

मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले. "बाई, कोंबड्याले दाने टाकून राह्यल्या का?"

तिचं तोंड लाल झालं. पण उतरली बरं का! एकेकीला हळदीकुंकू लावून हातात कापड दिलं. मान म्हणाल तर पुरा मिळाला. झंपरपीस मात्र एवढेसे होते, की माझ्या नातीच्या बाहुलीलाही बाही आखूड झाली!

*

व्हिडिओवाला पोरगा आमच्याच गल्लीतला, अस्लम. तेव्हा कॅसेट निघायच्या. लग्नाची कॅसेट आली की आख्खं गाव टीव्हीपुढे बसायचं. एका लग्नात यानं नवरीच्या काकाला बक्षीस मागितलं. काका जेवायला बसला होता. घास न थांबवता म्हणाला, "तुले कायचं बक्षीस बे? तू तं नुसतं बटन दाबतेस!"

अस्लम कॅमेरा घेऊन कामाला लागला. महिन्यानं कॅसेट आली. गाव जमलं. मंगलाष्टकं झाली, हार झाले, आणि मग काका दिसला. काकानं बुंदी घेतली. काकानं पुन्हा बुंदी घेतली. कढीचा भुरका मारला. वाढप्याला परत बोलावलं. पुरी, भाजी, बुंदी, ढेकर, पुन्हा बुंदी! नवरीची पाठवणी गेली, रडारड गेली, काका जेवूनच राह्यला! काकी पदरात तोंड खुपसून हसत होती.

काका तावातावानं अस्लमच्या दुकानात गेला. "हे काय काढून ठेवलं बे?"

"काका, तुमीच म्हनलं ना, नुसतं बटन दाबते म्हनून. दाबलं, आन सोडाले भुललो!"

*

ड्रायव्हरची जात सगळ्यात चिवट. पाठवणीच्या वेळी जीपच्या चाकाखाली नारळ ठेवतात आणि ड्रायव्हरला बक्षीस देतात, मगच गाडी हलते. मूलकडच्या एका लग्नात नवरदेवाचा बाप म्हणाला, "चाल रे, घरी पोचून देतो." ड्रायव्हर निघाला. मागं आमचा टेम्पो.

पाच-सात मैल गेल्यावर भर जंगलात जीप थांबली. ड्रायव्हर उतरून बॉनेटला टेकला. "गाडी गरम झाली जी. बक्षिसाबिगर थंड नाई होत."

सासरा खाली उतरून ओरडू लागला. ड्रायव्हर झाडाकडे पाहत बिडी ओढू लागला. आणि इकडे काय झालं? नवरी उठली, शालू गुडघ्यापर्यंत खोचला आणि सरकून स्टेअरिंगवर बसली! बापाच्या घरी ट्रॅक्टर होता, धानाच्या शेताची चिखलणी तीच करायची म्हणे. चाबी लागलेलीच होती. घर्रकन गाडी सुरू!

मागून सासरा पळतोय, त्याच्या पुढं ड्रायव्हर पळतोय, आणि आत नवरदेव दोन्ही हातांनी दांडा धरून बसलेला. आम्ही टेम्पोत उभ्या राहून टाळ्या पिटत होतो!

वळणावर तिनं गाडी थांबवली. ड्रायव्हर धापा टाकत आला आणि तिच्यापुढं हात जोडून म्हणाला, "माय, बक्षीस नको. फकस्त माही शीट दे!"

*

आता मोतीराम. हा हाताचा चांगला, पण तोंडाचा वाईट. प्रत्येक लग्नात माईकवर 'स्वयंपाकवाले' म्हणून पुकारलं की हाच एकटा छाती काढून जायचा. दुपट्टा खांद्यावर टाकून मागं यायचा आणि आमच्या हातावर काहीबाही ठेवायचा.

मी म्हटलं, "आमाले बी समोर बोलवाले सांग."

"तुमाले माईक काऊन पाह्यजे व? पदर सांभाळान का माईक?"

बरं म्हटलं. पुढच्या लग्नात वरात दारात आली, पंगती बसायला लागल्या, आणि माझ्या सगळ्या बाया हात धुऊन पहिल्या पंगतीत जाऊन बसल्या. मी मोतीरामच्या हातात लाटणं दिलं. "स्वयंपाकवाला तूच ना गा? मंग लाट!"

काय सांगू त्या पुऱ्या! एकीचा आकार चिमूर तालुक्याचा, दुसरी थेट सिरोंच्यापर्यंत लांब! कढईत टाकली की फुगायचं नावच नाही, तेलात बुडून बसायची. पंगतीत एक म्हातारा पुरी उजेडाकडे धरून म्हणाला, "हे खाचं हाये का भिताडाले लावाचं?"

मोतीराम घामाघूम होऊन माझ्यापुढं आला. "बाई, उठा. आजपासून मी एकटा नाई जात समोर."

*

मोतीराम वठणीवर आला, पण मालक लोक कुठं आले होते? आरमोरीजवळच्या एका गावात धानगिरणीवाल्याच्या मुलीचं लग्न होतं. त्या घरच्या कितीतरी लग्नांत आम्हीच पुऱ्या केल्या होत्या. टिकावन सुरू झाली. बँडवाल्याला बोलावलं, फोटोवाल्याला बोलावलं. मोतीरामला बोलावलं तर तो जागचा हलला नाही. "आधी बाया," म्हणाला. मला रडूच आलं, पण मी ते दाबलं.

पिठाच्या हातांनी तशीच मंडपात गेले. गिरणीवाला म्हणाला, "बाई, तुमचं मांगं देऊन देतो ना. कोन नाई म्हनते?"

"मांगं भांडे हायेत, मालक. आमी मानसं हावो. इथी बोलवा, नाव पुकारा."

"आमच्या घरी बायाईले असं माईकवर नाई पुकारत."

तेवढ्यात एक पाहुणा आहेर घेऊन उभा राहिला आणि माईक बंद! रशीदभाईनं माईकची तार उपसून हातात धरलेली. पाहुणा मोठा सावकार होता. त्याचं नाव पुकारायलाच हवं, नाहीतर तो आहेरासकट निघून जाईल! गिरणीवाल्याला घाम फुटला.

"रशीद, काय झालं माईकले?"

"रुसला जी. पुरीवाल्या बायाईचे नाव घेतल्याबिगर बोलत नाई म्हन्ते."

मंडप हसायला लागला. नवरी तर खाली मान घालून गदगदा हलत होती. शेवटी गिरणीवाल्यानं हात टेकले आणि मला हळूच विचारलं, "नावं काय हायेत व तुमचे?"

इतकी वर्षं याच्या घरी पुऱ्या तळल्या आम्ही!

मी रशीदभाईला एकेक नाव सांगितलं आणि त्यानं भोंग्यातून असं पुकारलं की तळ्यावरचे बगळे उडाले. एकेक बाई पदर सारखा करत स्टेजवर जायची, मालकीण टिक्का लावायची, नारळ आणि नोट हातात द्यायची. कोणी हसत उतरली, कोणी डोळे पुसत.

शेवटी भागीरथाबाई. आमच्यात सगळ्यात म्हातारी. माझं लग्न व्हायच्या आधीपासून कढईवर बसणारी, हातभर तेलानं भाजल्याचे डाग. आपलं नाव ऐकून आधी इकडं तिकडं पाहिलं, मग काठी टेकत वर गेली. मालकिणीनं टिक्का लावला, नारळ दिला, नोट दिली. आम्ही वाट पाहत होतो की आता उतरेल.

उतरलीच नाही! नारळ काखेत धरला, मालकिणीच्या हातची थाळी घेतली, नवरदेवाला टिक्का लावला, नवरीला टिक्का लावला, दोघांवर अक्षता टाकल्या. मग ती नोट नवरीच्या ओंजळीत ठेवली आणि रशीदभाईकडे वळून म्हणाली,

"पुकार गा भाऊ. भागीरथाबाई पुरीवालीकडून टिकावन! आन जोरात पुकार, पंगतीत जेवून राह्यले त्याईले बी आईकू गेलं पाह्यजे!"