मामींसाठी घेतलेला काटा

माझ्या बायकोच्या मामांइतका प्रामाणिक माणूस मी आजवर पाहिलेला नाही, आणि देवाच्या कृपेने पुन्हा पाहायची वेळ येऊ नये. भोपाळला इंद्रपुरीशेजारच्या कारखान्यात ते छत्तीस वर्षं तपासणी विभागात होते. इतर लोक ज्या साधनांनी मोजतात ती साधनं बरोबर मोजतात की नाही, हे पाहण्याचं त्यांचं काम. निवृत्त झाले तरी ते काम अंगातून उतरलं नाही. घरात तीन थर्मामीटर आहेत आणि तिन्हींपैकी एकावरही मामांचा विश्वास नाही; मामींना एकदा ताप आला तेव्हा तिन्हींची सरासरी निघेपर्यंत ताप उतरून गेला होता. दूधवाला नवीन माप घेऊन आला की ते आधी त्यात पाणी भरून पाहतात. त्यामुळे आमच्या ओळखीत त्यांच्याइतके दूधवाले कुणीच बदललेले नाहीत.

अशा माणसाला मामींनी वजनकाटा आणायला सांगितलं, ही त्यांच्या आयुष्यातली मोठी चूक. कोलार रोडच्या टोकाला त्यांनी घरासाठी घेतलेला प्लॉट वर्षानुवर्षं रिकामा होता. घर काही बांधून होईना, म्हणून मामींनी तिथे मेथी, पालक, वांगी, टोमॅटो लावले. जमीन चांगली निघाली. शेजाऱ्यांना वाटूनही टोपल्या उरायला लागल्या, तेव्हा एक दिवस त्या म्हणाल्या, "रविवारच्या हाटात मी बसणार. काटा तेवढा घेऊन या." मी तिथेच होतो. त्या बोलल्या अगदी सहज, पण सांगताना कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. साठ वर्षांच्या आयुष्यात त्यांनी स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही.

"मी बघतो," मामा म्हणाले. मामा बघायला लागले आणि मेथीला फुलं आली.

दुकानं पालथी घालताना मी बरोबर असायचो, कारण स्कूटर माझी होती. मामा पिशवीतून शिक्का मारलेलं एक किलोचं पितळी वजन काढत आणि काट्याच्या मधोमध ठेवत. मग एकेका कोपऱ्यावर. चारही कोपऱ्यांवर आकडा तोच आला पाहिजे. मग काट्याचे पाय फिरवून सपाटी दाखवणारा बुडबुडा मध्यावर आणत. मग दुकानदाराला पंखा बंद करायला सांगत, आणि हे सगळं भोपाळच्या मे महिन्यात. आकडा गिऱ्हाइकाच्या बाजूनेही दिसला पाहिजे, उन्हात वाचता आला पाहिजे, बॅटरी संपत आली तरी बदलता कामा नये, ओल्या पालकाचं पाणी आत जाता कामा नये. एक दुकानदार घाम पुसत म्हणाला, "बाबूजी, आपको भिंडी तौलनी है कि सोना?" मामांनी शांतपणे उत्तर दिलं, "सोना लेने वाला तो ख़ुद देख लेता है. भिंडी वाला भरोसे पर लेता है." दुकानदाराने पुढचा काटा काढला. वैताग एवढाच, की त्यांचं म्हणणं खोडता येत नाही.

एक काटा पसंत पडला, तर त्यावर सरकारी पडताळणीचा शिक्का नव्हता. दुसऱ्यावर शिक्का होता, तर तो दुपारी गच्चीवर ठेवल्यावर पाच ग्रॅम वर चढला. पावसाळा गेला, हिवाळा आला, दुसऱ्या खेपेचे टोमॅटो पिकून फुटले. मामी रोज विचारायच्या, मग आठवड्याने विचारायला लागल्या, मग विचारेनाशा झाल्या.

आणि एका रविवारी मामा अंघोळीला गेलेले असताना त्या वांग्यांची टोपली घेऊन एकट्याच हाटात गेल्या. शेजारच्या भाजीवालीने आपली जुनी तागडी वापरायला दिली. मामांनी मला फोन केला, आम्ही दोघं पोचलो तेव्हा टोपलीत पाच-सहा वांगी उरली होती आणि मामी एका बाईशी मोठ्याने हसत बोलत होत्या. मी त्यांना इतक्या मोठ्याने हसताना त्याआधी ऐकलं नव्हतं. मामाही क्षणभर पाहतच राहिले. मला वाटलं, सुटलो. पण हात पिशवीत गेलाच. त्यांनी भाजीवालीचं लोखंडी वजन एका पारड्यात आणि आपलं पितळी दुसऱ्यात ठेवलं. पितळी खाली गेलं. लोखंडी वजनाच्या बुडात भरलेलं शिसं कधीतरी गळून पडलं होतं. "ये तो मेरी सास के टाइम का है," ती बिचारी म्हणाली. तिलाही ठाऊक नव्हतं. मामा मामींच्या कानाशी वाकून म्हणाले, "अगं, किलोमागे चाळीस ग्रॅम कमी गेलंय."

मग त्यांनी गिऱ्हाइकं विचारून घेतली. सगळी आसपासचीच होती. उरलेली वांगी आणि घरची आणखी काही घेऊन आम्ही दारोदार निघालो. प्रत्येक घरी एक वांगं. "हमारी मिसेस से तौल कम हो गई थी," असं मामा हात जोडून सांगत. बहुतेक लोक हसले, दोघांनी चहा विचारला. एका घरात मात्र म्हातारे गृहस्थ आत बघून म्हणाले, "देखो, अब अच्छे घर की औरतें भी डंडी मारने लगीं." डंडी मारणं म्हणजे आपल्याकडचं मापात पाप. त्यांनी गंमत केली असेल. पण संध्याकाळपर्यंत ते वाक्य गल्लीतून फिरून मामींपर्यंत पोचलं.

"कुणाला कळलंही नसतं हो," मामी म्हणाल्या.

"मला कळलं होतं ना."

"मग तुमच्याजवळच ठेवायचं होतं." एवढं बोलून त्या कणीक मळायला लागल्या. मामा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर चूक सापडलेल्या माणसाचा भाव नव्हता. चूक कुठे झाली ते न कळलेल्याचा होता.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी त्यांनी काटा घेतला. पंखा चालू होता, कोपरे तपासले नाहीत, असं दुकानदाराने नंतर सांगितलं; मला तर विचारलंही नाही. घरी आणून मामींपुढे ठेवला. मामींनी तो पुसला, जुन्या साडीने झाकून ठेवला, आणि हाटात जायला त्या नाही म्हणाल्या. रागावून नव्हे. "मला आता लोकांच्या डोळ्यांकडे बघवत नाही," एवढंच.

तेव्हापासून दर रविवारी मामा एकटे बसतात. मामी पहाटे उठून मेथीच्या जुड्या बांधून देतात, वांगी पुसून टोपलीत लावतात, दारापर्यंत येतात. मामांना भाजीतलं काही कळत नाही. पालक कसा निवडायचा विचारलं तर ते गोंधळतात, घासाघीस करणाऱ्यापुढे गप्प बसतात, आणि अर्धा माल परत आणतात. गेल्या रविवारी मी गेलो होतो. एका बाईने पिशवी पुढे करत विचारलं, "आंटी अब नहीं आतीं?"

"आएँगी," मामा म्हणाले, "अगले इतवार आएँगी."

मामींनी असं काही म्हटलेलं नाही, हे मला माहीत होतं. मामांनाही माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. टोपलीमागे टाकलेल्या चटईवर ते थोडे सरकले आणि शेजारची जागा हाताने झाडून साफ केली.