फुलपात्र मागितलं, मी परडी दिली

मामा गेल्याचा दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी त्यांचा डबा घेऊन लिंबागणेशच्या स्टँडवर बीडच्या गाडीची वाट बघत होते. मामा म्हणजे माझे सासरे. त्याला महिना झाला. रडून झालं आहे, आता त्यांची आठवण आली की आधी हसूच येतं.

माझं माहेर शिरूर कासारकडचं. आईबाप ऊस तोडायला जायचे, त्यामुळे माझी शाळा निम्मं वर्ष गावात, निम्मं फडावर. सासर मात्र मास्तरांचं; मामा मराठी शिकवायचे. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी पाहुणे बसले होते आणि मामांनी हाक दिली, "सूनबाई, एक फुलपात्र आना." आमच्याकडे पाणी प्यायचा तो गिलास. फुलपात्र हा शब्द मी कधी ऐकलाच नव्हता. देवापुढं जास्वंदीनं भरलेली परडी होती, ती दोन्ही हातांनी नेऊन त्यांच्यापुढं धरली... सगळी बैठक हसली. अडाणी सून केली, असं कुणीतरी पुटपुटलंही. आता या घरात जन्मभर आपली हीच ओळख राहणार, असं वाटून मी परडी तशीच धरून उभी राहिले.

मामांनी परडीतलं एक फूल उचलून टोपीत खोवलं. "बरोबर हाय की. फुलाचं पात्र मागितलं, फुलाचं पात्र आलं." मग त्यांच्यातला मास्तर जागा झाला. काठ फुलासारखा उमललेला म्हणून फुलपात्र, असं लोक सांगतात. त्यांना ते पुरतं पटलेलं नव्हतं. पण पेला फारसीतल्या प्याल्यावरून आला आणि गिलास इंग्रजांकडून, याची त्यांना खात्री होती. "दोघं बी परक्या मुलखातून आले अन् आपल्या मांडणीत बसले. त्यांला कुनी अडाणी म्हणलं का? मग हिला कावून हसता?"

त्यानंतर त्या घरात फुलपात्र हा शब्द मी पुन्हा ऐकला नाही. सासूबाई, दीर, मामा, सगळे गिलासच म्हणायचे. मला वाटायचं, इथंही गिलासच चालतो. पाहुण्यांपुढं मामांनी त्या दिवशी जरा पुस्तकी मराठी काढली असेल. चोवीस वर्षं मी याच समजुतीत होते.

दहाव्याला मामांच्या बहिणीला, आत्याबाईंना, मी पाणी नेऊन दिलं. बायका आठवणी काढत बसल्या होत्या. आत्याबाई म्हणाल्या, "तू यायच्या आधी या घरात गिलास कुनी म्हणत न्हवतं. पाहुणे गेले अन् दादानं आमाला समद्यांला बसवलं. म्हणला, पोरीला तिच्या आईचा शब्द इथं सापडला पायजे, आजपासून फुलपात्र म्हणायचं न्हाई. माझी तर आठ दिवस जीभ वळंना."

दुःखाच्या घरात सुनेनं हसू नये, एवढी रीत मला आता कळते. तरी मी मोठ्यानं हसले.