बहियाने हाक मारली

इजिप्तमधलं कुर्ना गाव डोंगराच्या उतारावर. खाली जुनी थडगी आणि त्यांच्या माथ्यावर घरं. बहियाचा नवरा रशवान गोठ्यातून गाढव हलवून तिथली जमीन चोरून खणत होता. खाली राजदरबारातल्या कुणा पुरातन कारभाऱ्याचं थडगं लागलं होतं.

"सोनं लागलं की तुला राणीसारखी ठेवीन," रशवान म्हणायचा.

"राणी राहू द्या. अंगावर दरड घेऊ नका म्हणजे झालं."

एका दुपारी ती आंबवलेल्या पिठाचे भाकरीचे गोळे उन्हात फुगायला मांडत होती. तेवढ्यात पायाखाली धप्प झालं आणि गोठ्यातून धुळीचा लोट उसळला. धाकटा दीर हमदान खोकत भोकातून वर आला. एकटाच.

"हे कुठायत?"

"छत बसलं, वहिनी. दादा आतल्या खोलीत अडकलाय."

"मग बघत काय बसलात? माणसं बोलवा!"

"माणसं आली की पोलीस आले. घर जाईल, आपणही आत जाऊ."

बहियाने बॅटरी हिसकावली आणि ती भोकात उतरली. उजेड भिंतीवर पडला, तशी ती दचकलीच. कारभारी खुर्चीत ताठ बसलेला, शेजारी बायको, तिचा हात त्याच्या खांद्यावर. पुढ्यात बदकं, द्राक्षांचे घोस. रंग कालच दिल्यासारखे. लग्न होऊन आल्यापासून ती यांच्या डोक्यावर चूल पेटवत होती, पण बघत होती आज पहिल्यांदा.

"तुमच्यापायी माझा माणूस गाडला गेला," ती त्या दोघांवर ओरडली.

दगडांपलीकडून कण्हणं आलं. "बहिया... पाय..."

ती हातांनी दगड उपसू लागली. नखं उलटली. एक दगड काढावा तर वरून दोन घरंगळायचे. कण्हणं बारीक होत गेलं, तशी ती सरपटत मागे फिरली. वर आली, तर दारात हमदान आडवा.

"वहिनी, घराचा विचार करा."

"भावजी, बाजूला व्हा, नाहीतर कुदळ डोक्यात घालीन!"

ती अनवाणी उतार उतरत थडग्यांवरचा सरकारी पहारेकरी सलामा याच्या चौकीपर्यंत धावली. "सलामा! माझा माणूस मरतोय रे!"

गावकऱ्यांनी अंधार पडायच्या आत रशवानला बाहेर काढलं. जीव वाचला, पाय गेला. इस्पितळातून त्याची रवानगी थेट तुरुंगात झाली, हमदानचीही. घराला सील लागलं.

बहिया भावाकडे राहायला गेली. भाकरी बांधून ती तुरुंगात भेटायला गेली, तेव्हा रशवानने मान वर केली नाही.

"ओरडली नसतीस, तर निदान घर तरी राहिलं असतं तुला."

"घर काय चाटायचंय? तुमचं कण्हणं ऐकत मी वर भाकरी भाजत बसायला हवी होती का?"

तिने भाकरी त्याच्याकडे सरकवली. भेटीची वेळ संपली आणि शिपायाने त्याला बखोटीला धरून उठवलं. भाकरी तिथेच राहिली. बहिया ती फडक्यात गुंडाळत राहिली, पण गाठ काही बसेना.